काडेपेटीएवढा मान

"माझा फोटो वहिनीच्या फोटोएवढाच हवा. तीळभर लहान चालणार नाही," कुमुदआत्यांनी फोनवर बजावलं.

सासऱ्यांच्या साठीशांतीचं फोटोबुक बनवायचं काम ऋजुताकडे आलं होतं. नवी सून, त्यातून फिजिक्सची एमएस्सी. सासूबाईंचा फोटो थेट कॅमेऱ्यातला, पानभर छापण्याजोगा. आत्यांनी पाठवलेला स्वतःचा आवडता फोटो मात्र चार ग्रुपांतून फिरून, चेपून आलेला. पानभर केला, की आत्यांचं नाक कुठे संपतं आणि नथ कुठे सुरू होते ते कळेना.

"आत्या, यात पिक्सेलच कमी आहेत. फार तर काडेपेटीएवढा छापता येईल."

"तुझ्या लग्नात मला दिलेल्या साडीचे काठही असेच बारीक होते," आत्या म्हणाल्या. "आता तुझ्या दिराच्या लग्नाला मला धरू नका."

सासूबाईंचा चेहरा पडला. "बाई गं, काहीही कर, पण त्यांना मोठं कर!"

मोठं करणं विज्ञानात बसत नव्हतं. लहान करणं बसत होतं. ऋजुताने सासूबाईंपासून भटजींपर्यंत सगळ्यांना काडेपेटीएवढं केलं.

पुस्तक आलं. आत्यांनी पट्टी लावून दोन्ही फोटो मोजले आणि लग्नाचा मुहूर्त विचारला.

मधली दोन्ही पानं मात्र एकाच फोटोने व्यापली होती. कढईतून नुकतीच काढलेली जिलबी, इतकी स्पष्ट की पाकाचा थेंबन् थेंब दिसावा. त्यावर कुणीच हरकत घेतली नाही. जिलबीला नणंद नसते.