निघताना

सुतकातल्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. मुकाट्याने उठतं, चपला घालतं. नवरा गेल्यापासून वैजयंती हेच बघत होती.

आज नगरपालिकेचं वसुली पथक दारात आलं. नवऱ्याने घरपट्टी थकवली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. साहेबांनी चपला बाहेर काढल्या, फोटोपुढच्या दिव्याला हात जोडले आणि मग जप्तीसाठी टीव्ही, फ्रिज, तिचं शिलाई मशीन लिहून घेतलं.

"साहेब, मशीन तरी राहू द्या. आता त्याच्यावरच पोट आहे."

"आज काहीच नेत नाही, वहिनी. तेरावं होईपर्यंत आम्ही कशाला हात लावणार नाही."

तिच्या जिवात जीव आला. साहेब उठले, चपला घातल्या आणि उंबऱ्याशी वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "येतो."