हाकेला ओ

काकूनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बालवर्गाच्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर ती अंग चोरून बसली. कॉलेजात तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. त्या तिला काकू म्हणत, आणि पुढे पुढे प्राध्यापकही काकूच म्हणू लागले होते.

मानव विकास आणि कुटुंब अभ्यास या पदवीचं हे शेवटचं प्रात्यक्षिक. एक मूल नेमून दिलेलं असतं. ते आपलं काम आपण कसं निभावतं, एवढंच बघायचं आणि नंतर शेजारच्या खोलीत जाऊन परीक्षकांना सांगायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, हसून धीरसुद्धा द्यायचा नाही. भिंतीतल्या जाड काचेपलीकडून परीक्षकबाई पाहत होत्या.

गेल्या वर्षी काकू इथंच नापास झाली होती. नेमलेला मुलगा बुटाचे बंद बांधायला वाकला, आणि काकू भानावर आली तेव्हा गाठ तिनंच मारलेली होती. चांगली दुहेरी. देवानं आईला हात दिले, त्यांना लगाम द्यायचा मात्र राहून गेला.

"गप्प बसायची परीक्षा?" सकाळी नवरा म्हणाला होता. "मग निकालाची वाट कशाला बघायची?"

"तुमच्याशी संसार केलाय," ती म्हणाली होती. "गप्प बसायचा सराव आहे मला."

सुट्टीची वेळ झाली होती. बालवर्गाच्या बाई दाराशी इतर मुलांना रांगेत उभं करत होत्या. काकूला नेमलेली दोन वेण्यांची मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहून स्वेटर घालत होती. तिनं तो डोक्यावरून ओढला आणि डोकं नेमकं बाहीत शिरलं. तिनं आणखी जोर लावला. ते आणखीच रुतलं. आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी ती दोन पावलं गेली, टेबलाला धडकली. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. ती जागच्या जागी थांबली.

"आई," स्वेटरातून आवाज आला.

दाराशी एवढा गलका होता की बाईंना काही ऐकू गेलं नाही.

"आई गं." या वेळी आवाज बारीक झाला होता.

काकूच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. तिनं ते मांड्यांखाली आणखी घट्ट दाबून धरले. पण तोंडून निघून गेलंच.

"ओ."

हळूच. आतल्या खोलीत कामात असलेल्या माणसानं द्यावी तशी.

स्वेटर थबकला.

"अंधार आहे," आतून तक्रार आली.

"हं," काकू म्हणाली.

मग धडपड थांबली. लोकरीच्या आत कुणीतरी मोठा श्वास घेतला. एक लहानसा हात वर आला, चाचपत गळ्यापर्यंत पोचला, आणि थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, एक वेणी सुटलेली, स्वेटर पुढचा मागे. मुलीनं इकडे तिकडे पाहिलं. मग तिची नजर काकूवर येऊन ठरली. काकू घाईघाईनं भिंतीवरच्या बदकाकडे बघू लागली.

शेजारच्या खोलीत परीक्षकबाई खुशीत होत्या. "मी तर काचेला नाक लावून बसले होते. म्हटलं आता उठतात, मग उठतात. पण हललासुद्धा नाहीत." त्यांनी गुण लिहून टाकले. "आता पदवी मिळालीच म्हणा."

काकूनं मान डोलावली. उठायला लागली. पुन्हा बसली.

"मॅडम, मी ओ दिली."

"म्हणजे?"

"तिनं आई म्हणून हाक मारली. मी ओ म्हणाले. नंतर एकदा हं म्हणाले."

"मला काहीच ऐकू आलं नाही."

"मध्ये काच आहे ना."

"मग सांगितलंत कशाला?"

"जे झालं ते सांगायचं, हेच तर शिकले इथं. लेकराचं सगळं सांगायचं आणि आपलं तेवढं झाकायचं, हे बरं दिसत नाही."

"पण नियम माहीत होता तुम्हाला. ओ दिलीत का?"

"हाक कुणाला मारलीय हे बघायला सवड नसते हो," काकू म्हणाली. "हाक आली की ओ जाते."

परीक्षकबाईंनी पेन पुन्हा उचललं. "शब्दानं केलेली मदतही मदतच धरतात, काकू. मला नापास लिहावं लागेल."

"लिहा." काकूनं पदर सारखा केला. आवाज मात्र तिला सारखा करता आला नाही.

तेवढ्यात दार ढकलून ती मुलगीच आत आली. मागोमाग तिला न्यायला आलेला बाप, ओशाळून, तिचं दप्तर खांद्याला अडकवून.

"बाबा, ही बघ, ही ती आजी. माझ्या स्वेटरात होती."

"माफ करा हं," बाप म्हणाला. "दारातून मागेच फिरली. अगं, स्वेटरात कुणी कसं असेल? तू एकटीच होतीस की."

"नव्हते. अंधार झाला तेव्हा ही होती."

परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्चीवरून उतरून त्या मुलीसमोर उकिडव्या बसल्या.

"मग आजीनं काय केलं गं? स्वेटर कसा घालायचा ते सांगितलं?"

मुलीनं आठवून पाहिलं.

"काहीच नाही केलं," ती म्हणाली. "नुसती होती."