बाहीचं माप

“बाही किती ठेवू?” शिंपिणीनं विचारलं.

“मनगटापर्यंत.”

“या उकाड्यात? घामानं जीव जाईल, ताई.”

“घामानं कुणा बाईचा जीव जात नाही,” नगरसेविका म्हणाली. “तू माप घे.”

बाहेर गाडीत तिचा नवरा बसला होता. सगळा वॉर्ड ‘मेंबर’ म्हणायचा तो त्यालाच. निवडून बायको आली होती, कार्यालयातल्या खुर्चीत तो बसायचा. सभेत हात वर करायचं काम तेवढं कायद्यानं तिचं तिलाच करावं लागे.

शिंपिणीनं मापांची वही काढली. नगरसेविकेचं पान तीन वर्षांपूर्वीचं. निवडून आली तेव्हा बाही पाच इंच. पुढच्या वर्षी दहा. मग सोळा. अक्षर शिंपिणीचंच. इतके दिवस तिला ती फॅशन वाटली होती.

“मनगटाचा घेर लागेल, ताई. तो रुमाल सोडा.”

नगरसेविकेनं आधी दाराकडे पाहिलं. मग रुमाल सोडला. मनगटावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी. पाचवं आतल्या बाजूला. शिंपिणीनं टेप गुंडाळली, पण आकडा तिला वाचता येईना.

“परवा सभेत एका ठरावाला हात वर केला,” नगरसेविका हळूच म्हणाली. “बाजारामागच्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवे लावायचा ठराव. मुलींना तिथनं जाता येत नाही. यांना तो नको होता. घरी गेल्यावर म्हणाले, कुठला हात वर केलास गं? दाखव.”

“आणि?”

“आणि काय. दाखवला.”

मागच्या खोलीत चमच्याचा आवाज येत होता, तो थांबला. पडद्यामागे शिंपिणीचा नवरा जेवत होता. नगरसेविकेनं आवाज आणखी खाली आणला.

“तू अर्ज भरतेयस म्हणे? शेजारच्या वॉर्डातल्या पोटनिवडणुकीला.”

“बायका मागे लागल्यात. अजून ठरलं नाही.” शिंपिणीचा हात नकळत मशीनच्या खणावर गेला. अर्ज तिथंच होता, सगळा भरलेला. फक्त सही राहिली होती. उद्या तीनला मुदत संपत होती. पडद्यामागच्या माणसानं सकाळीच सांगून ठेवलं होतं, “भर की. मी कुठं नाही म्हणतोय? भर आणि मग घरी ये.”

गाडीचा हॉर्न वाजला. नगरसेविका दचकून उठली, रुमाल बांधायला लागली. एका हातानं गाठ बसेना. शिंपिणीनं बांधून दिली.

“ताई, त्या ठरावाचं काय झालं?”

“झाला मंजूर.” नगरसेविका पहिल्यांदाच हसली. “एका मतानं.”

पुन्हा हॉर्न. या खेपेला लांब, बोट न काढता.

दारातून ती मागे वळली. “अस्तर लाव गं. नुसत्या कापडातनं दिसतं.”

गाडी गेली. मागच्या खोलीत ताट सरकवल्याचा आवाज आला.

“काय सांगत होती ती?” नवऱ्यानं आतून विचारलं.

“माप.”

शिंपिणीनं खण उघडला. अर्ज मशीनच्या फळीवर पसरला आणि सही केली. अर्ज घडी करून तिनं ब्लाउजच्या आत ठेवला.

आत खुर्ची सरकली. पावलं पडद्याकडे येऊ लागली.

तिनं वहीचं कोरं पान काढलं, वर स्वतःचं नाव लिहिलं. गळ्यातली टेप काढून एक टोक खांद्यावर दाबून धरलं, दुसरं मनगटापर्यंत नेलं.

बाही एकवीस इंच.