कबुलीनंतर

"पोरीचं वय काय, बस्त्याव?" चर्चमधल्या कबुलीच्या कक्षात जाळीपलीकडून फादर लुद्रिकांनी विचारलं.

"नऊ, फादर. माझ्या गाण्याच्या वर्गातली."

"आत्ताच्या आत्ता पोलिसांकडे चल. मीही येतो."

"दर शनिवारी हेच म्हणता तुम्ही," असं म्हणून बस्त्याव उठून बाहेर गेला.

फादर घाईनं उठले, तेवढ्यात वरचा निळा दिवा लागला आणि त्यांच्या मनातून सगळी कबुली पुसली गेली. लहान मुलांवरचे अत्याचार पोलिसांना कळवण्याची सक्ती धर्मगुरूंवरही झाली, तेव्हा कबुलीची गुप्तता राखायला वरिष्ठांनी हे यंत्र आणलं होतं. जे आठवतच नाही, ते कळवणार कसं?

बाहेर लुसीटीचर उभ्या होत्या. "फादर, रडताय की काय?"

फादरांनी गाल चाचपला. "अगं, खरंच की. कशानं कोण जाणे. वय झालं, दुसरं काय! बोल."

"उद्याच्या शिबिरात मुलांबरोबर मुक्कामाला कोणाला पाठवू?"

पहिल्या बाकाशी गुडघे टेकून बस्त्याव प्रार्थना करत होता. त्याच्याकडे पाहून फादरांना जरा बरं वाटलं.

"त्याला विचार की," ते म्हणाले. "एवढा भाविक माणूस आपल्याकडे दुसरा कोण आहे?"