एक कोंबडी सोलेपर्यंत

नईमाने डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. नाव वेगळं, रंग वेगळा. आत दोन इंजेक्शनं होती, भरलेली, अगदी जुन्यांसारखी. पण जुन्यांसारखी म्हणजे जुनी नव्हेत.

सहावा महिना चालू होता. याआधी दोनदा सहाव्यातच पोटातलं हलणं थांबलं होतं. बाळाच्या वारेत रक्त गोठतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून या खेपेला रोज सकाळी दहाला पोटावर एक इंजेक्शन, रक्त पातळ ठेवणारं. जुन्या कंपनीचं नवापुरात मिळेना, म्हणून आमीरने, तिच्या नवऱ्याने, हे आणलं. दवाखान्यातल्या सिस्टरनेही फोनवर सांगितलं, "कंपनी दुसरी आहे, औषध तेच. डॉक्टरांनी बघितलंय." नईमा हो म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

"काय व्हयनं, बेटा?" सासरे, नजीरचाचा, दुकानातून मागे आले. चाळीस वर्षं त्यांनी कोंबड्या कापल्या, पण घरात कधी आवाज चढवला नाही.

"अब्बा, हाई ती दवा नई शे."

"कोन म्हने?"

"मन्हं मन."

नजीरचाचांनी दाढी खाजवली. "माले दवामधलं काई समजस नई. रगतमधलं समजस. एक इंजेक्शन दे."

"अब्बा! वाया जाई ना!"

"तू टोचशी नई, तं दोन्ही जातीन."

दुकानात त्यांनी चहाचे दोन प्लास्टिकचे ग्लास मांडले. एका ग्लासात औषध सोडलं, दुसरा कोरा ठेवला. बिस्मिल्ला म्हणून कोंबडी कापली, दोन्हींत थोडं थोडं रक्त धरलं आणि ग्लास हलवून उन्हात ठेवले. मग ते कोंबडी सोलायला बसले. रक्त थिजायला तेवढाच वेळ लागतो. त्यांचं घड्याळ तेच.

नईमा बाकावर बसली. जाळीतून तिरपं ऊन आत येत होतं आणि त्यात एक पीस तरंगत होतं, ना वर जात, ना खाली. ग्लास आतून पेटल्यासारखे दिसत होते. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज कुठल्या तरी दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता. तिला वाटलं, ती स्वतःच्याच आत बसली आहे आणि तिथेही असंच लाल ऊन आहे.

"चाचा," कोंबडीसाठी फळीपाशी थांबलेला गिऱ्हाईक भिला म्हणाला, "चहा इकी ऱ्हायनात का कोंबडी?"

"शाळा चालू शे. थांब जरासा."

कोंबडी सोलून झाली. नजीरचाचांनी कोरा ग्लास तिरका केला. आतलं काहीच हललं नाही. लाल दही लागलं होतं. दुसरा त्यांनी नईमाच्या हातात दिला. अजून कोमट होता. तिने तो डावीकडे कलवला. रक्त डावीकडे गेलं. उजवीकडे कलवला. ते सावकाश उजवीकडे आलं. ती कलवतच राहिली. ते पीस केव्हा खाली बसलं, तिला कळलं नाही.

"जुनी दवा बी असंच करती का, अब्बा?"

"जुनी मी देखी नई. ती डाक्टरनी देखी. मी हाई देखी."

तिने ग्लास त्यांच्याकडे परत दिला आणि आत गेली. पडदा ओढला. हात धुतले. काल टोचलेल्या जागेपासून दोन बोटं लांब कातडी चिमटीत धरली. सुई आत गेली, तशी ती दहापर्यंत हळूहळू मोजत गेली.

"व्हयनं का, बेटा?" बाहेरून हाक आली.

"व्हयनं."

तिने पडदा सारला. नजीरचाचा भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून उभे होते. त्यांच्या हातातल्या ग्लासात रक्त अजून हिंदकळत होतं.