उतारू

लष्कराने लिलावात काढलेल्या ट्रकचं आम्ही नवराबायकोने म्हातारपणी फिरतं घर केलं. आत घडीच्या तीन खाटा बसवल्या, तिसरी हिच्या हट्टापायी. वजन मर्यादेत बसलं तरच प्रवासाचा परवाना मिळणार होता. वजनकाट्यावर आकडा मर्यादेबाहेर गेला. माझ्या हिशेबापेक्षा आठशे चाळीस किलो जास्त. माझीच बेरीज चुकली असणार. काटेवाला वैतागला, “आजोबा, मागे बाकांवर बसलेत त्यांना उतरवा की!” जवानांचे बाक आम्ही केव्हाच काढले होते. ही मागचं दार उघडून म्हणाली, “उतरा रे बाळांनो, पोचलात.” आकडा सत्तरने उतरला, पुन्हा सत्तरने, अकरा वेळा स्प्रिंगा करकरल्या आणि आकडा थांबला. वजन मर्यादेत आलं, तरी हिशेबापेक्षा सत्तर जास्तच. “एक राहिला,” मी पुटपुटलो. “त्याची वाट बघणारं कुणी नसेल,” ही म्हणाली, आणि तिने तिसरी खाट उघडून चादर अंथरली.