बाळ्याची शेवटची तपासणी

सिस्टर आतून येईपर्यंत धाकटी बाळ्याला या मांडीवरून त्या मांडीवर घेत राहिली. आज त्याच्या रक्ताचा शेवटचा निकाल होता. शेजारी थोरली आणि चष्मेवाली बसल्या होत्या. तिघी एकाच घरात धंदा करायच्या. आज त्यांनी दार उघडलंच नव्हतं.

पोटात बाळ्या आहे हे कळलं, तेव्हाच धाकटीला एचआयव्ही आहे हेही कळलं होतं. मूल ठेवू नकोस, असं थोरलीने बजावलं. पण नेमाने औषध घेतलं तर मूल सुखरूप राहू शकतं, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या होत्या, आणि धाकटीने तेवढंच धरून ठेवलं. ती ऐकत नाही म्हटल्यावर गोळ्यांचं थोरलीनेच अंगावर घेतलं. आत गिऱ्हाईक असलं तरी वेळ झाली की ती दार वाजवायची. गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बाळ्या झाल्यावर त्याचं औषध चष्मेवालीने सांभाळलं. थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मधले निकाल चांगले आले, पण शेवटचा येईपर्यंत खात्री धरू नका, असं सांगितलेलं होतं.

सिस्टर आली. आई कोण हे तिला ठाऊक होतं, तरी ती तिघींकडे बघूनच बोलली.

"बाळाला काही नाही. आता यासाठी पुन्हा यायला नको."

थोरलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. चष्मेवालीने चष्मा काढला आणि नुसता हातात धरला. धाकटी ऐकूच न आल्यासारखी बसून राहिली.

तेवढ्यात बाळ्याने सिस्टरच्या हातातलं पेन ओढलं आणि तिच्या पांढऱ्या कोटावर लांबलचक रेघ मारली. धाकटीने फाटकन त्याच्या हातावर चापटी दिली.

बाळ्या रडला नाही, आईकडे बघतच राहिला. त्याला आजवर कुणी मारलंच नव्हतं. त्याने पिठाचा डबा उपडा केला, थोरलीचे केस उपटले, तरी कुणाचा आवाज चढला नव्हता. कोण जाणे किती दिवसांचा सोबती, म्हणून तिघी सगळं पोटात घालायच्या. हे एकमेकींपाशी मात्र कधी बोलल्या नव्हत्या.

"अगं, आजच्या दिवशी मारतेस लेकराला?" थोरली म्हणाली.

धाकटीने त्याचा इवलासा हात ओढून घेतला, चापटी लागली होती तिथे ओठ टेकवले आणि मनगटाने डोळे पुसले.

"आता मोठा होणार आहे तो, ताई. वळण नको लावायला?"